बदल नाही

पहाटे साडेतीनला लाँग बीचच्या अनाहाइम रस्त्यावर
एकच दुकान जागं असतं.
मागच्या टेबलावरचं पीठ कोपरानं सारून
मोलिका पुस्तक उघडते, मी लाल पेन.
वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा तिथून एवढंच आणलं होतं.
एकवीस वर्षं मी दुसऱ्यांचे स्वल्पविराम वेचले,
डाळीतले खडे वेचावेत तसे.

परीक्षा शनिवारी. चव्वेचाळीस प्रश्न, पस्तीस मिनिटं.

लोंबत्या विशेषणाचा नियम तिला फार आवडतो.
वाक्याच्या दारात ते उभं असतं
आणि स्वल्पविराम ओलांडून जो पहिला दिसेल
त्याच्या गळ्यात पडतं.
तिनं रचलेलं उदाहरण:
‘गरम तेलात तळलेले, माझे बाबा दुकान उघडतात.’
ती इतकी हसते की कढईपाशी सारोम वळून बघतो,
हातात झारा,
अजून न तळलेला.

‘ईच’च्या मागे कितीही गर्दी उभी राहो,
क्रियापद एकवचनीच.
‘म्हणजे खोक्यात बारा डोनट असले तरी
एकेकटेच?’
हो. परीक्षेपुरते एकेकटेच.

काळ सांभाळ, मी म्हणते.
भूतकाळात निघालेला परिच्छेद
मध्येच वर्तमानात घसरला की गुण गेला.
ती पेन्सिल चावते.
ख्मेर क्रियापद कपडे बदलत नाही.
काल, उद्या, असे शब्द शेजारी ठेवलेले असतात,
लागले तर घ्यायचे.
बाबा सांगतात तेव्हा सैनिक येतात.
आले नव्हे. येतात.
भात संपतो. धाकटी बहीण चालते,
चालते,
मग चालत नाही.

सरावाच्या निबंधात तिनं लिहिलं होतं:
‘माझ्या आजोबांना नेण्यात आलं.’
सवयीनं माझ्या हातानं खाली रेघ ओढली.
समासात लिहिलं: कर्मणी टाळ. कर्ता कोण?

वही घेऊन ती कढईपाशी गेली.
बराच वेळ दोघं त्यांच्या भाषेत बोलली.
मला फक्त तेलाचं चुरचुरणं कळलं.
परत आली ती बोटांची साखर चाटत, माझ्याकडे न बघता.
‘कर्ता माहीत आहे म्हणतात.
त्यांच्याच गल्लीतला होता.
त्याचा मुलगा रोज येतो इथे,
मेपल बार आणि काळी कॉफी.
त्याला नाही माहीत. म्हणून कर्ता नको.’

आणि मी, जिनं बातमीदारांना
कर्मणी म्हणजे पळपुट्यांची पळवाट
असं ओरडून ओरडून सांगितलं,
ती माझीच रेघ खोडायला लागले.
लाल शाई खोडली की
अधिकच अधोरेखित दिसते.

प्रत्येक प्रश्नाचा पहिला पर्याय एकच असतो:
बदल नाही.
मुलं त्याला बिचकतात. काहीतरी बदललं
की अभ्यास केल्यासारखं वाटतं.
मी सांगते, भिऊ नकोस, कधी कधी
वाक्य जसं आहे तसंच बरोबर असतं.
‘आमच्या गल्ल्यावर पण लिहिलंय,’ ती म्हणते.
खरंच. पुठ्ठ्यावर, सारोमच्या तिरक्या अक्षरात:
नो चेंज.
त्याला म्हणायचंय, सुट्टे नाहीत.
इंग्रजीत बदलाला आणि सुट्ट्यांना
एकाच शब्दात भागवतात.

पाच वाजता दाराची घंटी वाजते.
चाळिशीचा एक माणूस, डोळ्यांत अजून झोप,
वीस डॉलरची नोट.
सारोम काही विचारत नाही.
मेपल बार कागदात गुंडाळतो, कॉफीचं झाकण दाबतो.
पाटीकडे बघून माणूस नोट परत घ्यायला लागतो.
सारोम मान हलवतो,
पिठाचा हात पँटला पुसतो
आणि स्वतःच्या खिशातून
एकेक डॉलर मोजत सुट्टे देतो.

मोलिका मान वर करत नाही.
सतरावा प्रश्न.
पहिल्या पर्यायाचा गोल ती भरत राहते
कडेपर्यंत काळा होईतो.